भुतांशी गट्टी करणारी पोरगी, मस्त कॉमिक पण कागद फालतू

भाची सुट्टीला सोलापूरला आलीय, आणि आपल्याकडं मे महिन्यात दुपारी लेकराला बाहेर सोडायची सोयच नाही, म्हणून ऑनलाइन ही जपानी मांगा मागवली. शाळेतल्या पोरीला भुतं दिसतात आणि ती घाबरायचं सोडून त्यांच्यासोबत डबा खाते, एवढीच स्टोरी, पण हसून हसून पोट दुखलं राव. तिकडं जपानात शाळेतल्या हानाको नावाच्या भुताची दंतकथा लई फेमस आहे, तिसऱ्या मजल्यावर मुलींच्या टॉयलेटचं तिसरं दार तीनदा वाजवलं की ती ओ देते म्हणे, तर इथं तसलंच एक भूत आहे आणि ते पोरीकडून गणितं सोडवून घेतं!! आपला पिंपळावरचा मुंजा बिचारा, मुंज झाली लग्न राहिलं, त्याला कुणी अशी मैत्रीण दिलीच नाही.

मांगा उजवीकडून डावीकडं वाचायची असते, भाचीनं आधी शेवटच वाचून टाकला. कागद पातळ, पाठीमागचं चित्र दिसतं, आणि पार्सलमध्ये कोपरा दुमडलेला आला, सेलर काही उत्तर देईना. तरी ४ स्टार. शेंगाचटणी कुटता कुटता आज्जी विचारतीय, यात हडळ नाही का गं?