जुन्या चित्रपटगृहांची वारसा फेरी : एक परीक्षण

पुण्याच्या पेठांमधील जुन्या चित्रपटगृहांची माहिती देणारी एक पायी फेरी काही हौशी अभ्यासक रविवारी सकाळी आयोजित करतात. मंडईपासून निघून अप्पा बळवंत चौकात संपणाऱ्या या फेरीत मी नुकताच सहभागी झालो. शहराच्या जुन्या वास्तूंविषयी आस्था असणाऱ्यांनी ती जरूर करावी. मात्र तिच्या मांडणीत सुधारणेला बराच वाव आहे.

फेरीचा सर्वांत मोलाचा भाग मंडईतच आहे आणि तेथे पाहण्यासाठी इमारत उरलेली नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ येऊन जेमतेम दोन वर्षे होत असताना, १९१५ साली गंगाधरपंत पाठक यांनी येथे ‘आर्यन’ सुरू केले आणि पुण्याला पहिले चित्रपटगृह मिळाले. जागेची निवड किती अचूक होती, हे प्रत्यक्ष तेथे उभे राहिल्यावरच उमगते. १८८६ साली खुल्या झालेल्या मंडईमुळे दिवसभर माणसांचा राबता होता आणि बाजाराला आलेला प्रेक्षक आयताच दाराशी येत होता. १९८३ मध्ये ‘आर्यन’ पाडले गेले. आज त्या जागी वाहनतळ आहे आणि ज्यांनी तेथे कधी पडदाही पाहिला नाही, ते लोकसुद्धा ‘आर्यनला गाडी लावली आहे’ असे सहज म्हणतात. शेजारच्या ‘मिनर्व्हा’चेही तेच झाले. मार्गदर्शकांनी जुन्या छायाचित्राची प्रत हातात धरून दर्शनी भाग कोणत्या बाजूला होता ते दाखवले. आमच्या गटातील एका वयस्कर काकांनी पुढे होऊन पिटाच्या, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांच्या, तिकिटाची रांग कुठवर येत असे, तेही पावले टाकून दाखवले. ही पंधरा-वीस मिनिटे अप्रतिम होती.

लक्ष्मी रस्त्यावरच्या ‘विजय’चा, म्हणजेच पूर्वीच्या लिमये नाट्यचित्र मंदिराचा, परिचय थोडक्यात पण नेटका झाला.

निराशा झाली ती ‘प्रभात’पाशी. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झाली, १९३३ मध्ये पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी हे चित्रपटगृह सुरू झाले. वास्तू मात्र इंदूरच्या किबे घराण्याची होती. भाडेपट्टा संपल्यावर ती मूळ मालकांकडे परत गेली आणि ‘किबे लक्ष्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाली. जागा एकाची, व्यवसाय दुसऱ्याचा आणि नाव त्या व्यवसायाचे, ही व्यवस्था समजल्याशिवाय जुनी चित्रपटगृहे का टिकतात अथवा का बंद पडतात, हे कळणे अवघड आहे. आयोजकांनी हा विषय दोन वाक्यांत आटोपला आणि उरलेला वेळ नटनट्यांच्या किश्श्यांना दिला. ते किस्से कोठेही वाचायला मिळतात. वास्तूसमोर उभे राहून तिच्या मालकीचा इतिहास समजावून घेण्याची संधी मात्र क्वचितच मिळते.

शुल्क वाजवी आहे, वेळ काटेकोर पाळली जाते आणि गट लहान असल्याने प्रश्न विचारता येतात. रस्त्यावरच्या गोंगाटात मागच्यांना ऐकू यावे म्हणून आयोजकांनी एखादा छोटा ध्वनिवर्धक सोबत ठेवावा आणि ‘आर्यन’च्या छायाचित्राची प्रत मोठ्या आकारात काढावी. ज्येष्ठ नागरिकांनी लक्ष्मी रस्त्यावरील दुकाने उघडण्यापूर्वी संपणारी सकाळची पहिलीच फेरी निवडावी.