गणपतीला गावी जाताना कुत्र्याला कुठं ठेवायचं, केनेल की घरगुती बोर्डिंग?

पुण्यातून गणपतीला गावी जाणाऱ्यांनो, महिनाभर आधीच जागा बघायला लागा, नाहीतर ऐनवेळी जिथं मिळेल तिथं सोडून एसटी पकडावी लागते. आमच्या चिकूला, ७ वर्षांचा इंडी म्हणजे आपला देशी कुत्रा आहे, आम्ही दोन्हीकडे ठेवून बघितलंय.

शहराबाहेरच्या केनेलचं, म्हणजे बरेच कुत्रे एकत्र ठेवतात त्या जागेचं, मैदान बघूनच आपण खूश होतो. दिवसाला ६०० रुपये, संध्याकाळी पळायला मोकळी जागा, आणि तुमचा लॅब्राडोर दोन वर्षांचा दांडगट असेल तर त्याला तिथं खरंच मजा येते. पण रात्रीचं विचारा! आम्ही विचारलं नव्हतं, नंतर कळलं की रात्री पंचवीस कुत्र्यांमागे एकच माणूस असतो. चिकू घरी आला तेव्हा कानाच्या घडीत आणि पंजांच्या बोटांमध्ये गोचिड्या, त्या काढल्या, वाटलं संपलं, आणि दोन आठवड्यांनी त्यानं खाणं सोडलं, ताप, रक्तातल्या प्लेटलेट्स खाली, टिक फिव्हर, म्हणजे गोचिडीतून होणारा ताप. २८ दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं. पावसाळ्यात गवतातल्या जागेत सोडणार असाल तर गोचिडीची गोळी किंवा स्पॉट-ऑन (मानेमागे त्वचेवर टाकायचं औषध) आधी दिलेलं हवंच.

घरगुतीमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरी, दिवसाला ९०० गेले, पण तीनच कुत्रे आणि झोपायला माणसांच्या खोलीत. लाजऱ्या, वयस्कर कुत्र्याला हेच बरं. इथं धोका दाराचा असतो. डिलिव्हरीवाला येतो, दार उघडतं, आणि नवीन घरात बिथरलेला इंडी मान मागे खेचून पट्ट्यातून सटकतो आणि जिन्यानं खाली. म्हणून हार्नेस द्या, दाराला आतून आडवं गेट आहे का आणि बाल्कनीला जाळी आहे का ते स्वतः जाऊन बघा.

क्लिनिकमधलं बोर्डिंग फक्त इन्सुलिन वगैरे चालू असेल तर, धडधाकट कुत्र्याला आजारी कुत्र्यांशेजारी कशाला ठेवायचं.

कुठंही ठेवा, रेबीज आणि नाइन-इन-वन (अनेक आजारांची एकत्रित लस) वेळेवर झालेलं पाहिजे. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा साथीचा खोकला, हवेतून पसरतो, एक खोकला की सगळे खोकतात, त्यामुळे त्याची लस निदान दोन आठवडे आधी द्या. आणि जो लसीचं पुस्तकच मागत नाही त्याच्याकडून सरळ परत फिरा, कारण बाकीच्यांकडेही त्यानं मागितलेलं नसणार. कुत्रा झोपणार ती जागा दाखवायला का-कू करत असतील तरी तेच. खाणं घरचंच बांधून द्या, अचानक बदललं की लूज मोशन ठरलेले.

यंदा चिकू परत त्या घरगुतीवाल्या ताईंकडेच. येत्या शनिवारी एक रात्र ट्रायलला ठेवतोय, माझी जुनी चादर सोबत देणार आहे, आणि ताईंना सांगून ठेवलंय की पहिल्या दिवशी तो जेवणाकडे बघत नाही, भातात थोडं दही कालवून समोर बसलं की खातो.