गिअर हबच्या पोटात की बाहेर?

रंकाळ्याहून शिरोली एमआयडीसीला रोज सायकल मारायची, तर गिअर कुठले? बाहेर लटकणारे डिरेल्युअरवाले (चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा हात तो डिरेल्युअर) हलके आणि स्वस्त. केबलचा ताण बिघडला तर गल्लीतला मिस्त्रीही जुळवून देतो. पण जुलैचा चिखल खाल्लेली चेन सारखी धुवा, तेल घाला. आणि सायकल नुसती उजव्या अंगावर पडली तरी डिरेल्युअर जिथं अडकवलेला असतो तो हँगर वाकतो, मग दिवसभर कटकट.

हबमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागात, सगळे दाते बंद डब्यात. चेन एका रेषेत पळते म्हणून कमी झिजते, वर चेनकव्हर बसतं, पँट काळी होत नाही. मला आवडतं ते वेगळंच: दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभ्या उभ्या गिअर उतरवता येतो! शिमानो कंपनीच्या नेक्सस हबच्या तीनगिअरीत सगळ्यात जड गिअर हलक्याच्या १.८६ पट, आठगिअरीत ३.०७ पट. सपाट रस्त्याला तीन बास. दर रविवारी पन्हाळा चढणाऱ्यानं मात्र बाहेरचेच घ्यावेत.

हबची खरी डोकेदुखी मागचं पंक्चर. केबल सोडवा, १५ नंबरचा पाना शोधा, तेव्हा कुठं चाक निघतं. मिस्त्री आधी चाकाकडं बघतो, मग तुमच्याकडं. टायर तेवढा जाड घ्या.