फ्रिजमध्ये गॅस भरला सांगून ४,२०० घेतले, गॅस भरलाच नव्हता (ऐरोली)

ऐरोली घणसोली साइडला राहणाऱ्यांनी नक्की वाचा, बाकीच्यांनी पण वाचा कारण असली माणसं सगळीकडे फिरत असणार.

आमचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे. वर फ्रीजरमध्ये बर्फ होत होता पण खाली काहीच गार होईना, दूध नासायला लागलं. सासूबाईंनी कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर सर्च केलं, सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला आणि तासाभरात माणूस दारात! (कंपनीचा खरा माणूस एवढ्या लवकर आलेला मी तरी अजून बघितला नाही.) गळ्यात आयकार्ड, बोलणं एकदम काकू काकू करत. मागे हात लावला न लावला आणि म्हणाला गॅस लीक आहे, आज नाही भरला तर कॉम्प्रेसर जाईल मग बारा हजारांना पडेल. मला ऑफिसात फोन आला तोपर्यंत काम सुरू पण झालेलं.

आईंनी नंतर सगळं सांगितलं, म्हणजे फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनल काढून बर्फावर गरम पाणी ओतलं, मग मागे बसून छोट्या सिलिंडरने थोडा वेळ फुसफुस केलं, क्यूआरवर ४,२०० घेतले आणि बिलावर लिहिलं गॅस २०० ग्रॅम. फ्रिज गार पण व्हायला लागला, म्हणून कोणाला शंकाच नाही. थोड्या दिवसांनी परत तेच.

मग सेक्टरमधल्या दुकानातले दादा आले. त्यांचा पहिला प्रश्न, वर बर्फ होतो ना? मग गॅस गेला कसा? गॅस गेला असता तर वर पण थंड राहिलं नसतं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये फ्रीजरच्या मागे कॉइल असते आणि तिथली गार हवा पंखा खाली ढकलतो, कॉइलवर साचलेला बर्फ वितळवायला हीटर असतो तो मधून मधून आपोआप चालू होतो, आमचा हीटर उडाला होता. कॉइल बर्फाने पॅक, हवा खाली येणार कुठून. गरम पाण्याने तेवढा बर्फ गेला म्हणून फ्रिज काही दिवस चालला, बास.

मग त्यांनी मागे कॉम्प्रेसरजवळची चार्जिंगची नळी दाखवली, तिचं टोक फॅक्टरीत दाबून सील केलेलं तसंच्या तसं. गॅस भरायचा तर ती कापावी लागते किंवा तिला वॉल्व्ह बसवावा लागतो. फ्रिजच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आर-६००ए, ४८ ग्रॅम लिहिलंय आणि आमच्या बिलावर २०० ग्रॅम!! डोकंच फिरलं माझं.

फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, गेला तर कुठेतरी लीक असतो. त्यामुळे कोणी गॅस म्हटलं की विचारा लीक कुठे आहे, गॅसच्या लाइनमधला फिल्टर बदलणार का, व्हॅक्यूम पंप आणलाय का. पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढल्याशिवाय नुसता गॅस मारून उपयोग नसतो. आर-६००ए पेट घेणारा गॅस आहे, कोणालाही किचनमध्ये नळी जोडायचा गॅस टॉर्च पेटवू देऊ नका. नंबर वॉरंटी कार्डवरचा किंवा फ्रिजच्या स्टिकरवरचाच लावा, आणि वॉरंटी कार्ड काढा एकदा, बऱ्याच फ्रिजना कॉम्प्रेसरची वॉरंटी १० वर्षं असते.

हीटरचे दादांनी मजुरी धरून १,१०० घेतले, जुना पार्ट हातात देऊन. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीये, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे तिथेही करणार. त्या माणसाचा फोन आता स्विच ऑफ लागतोय, पण सर्च केलं तर त्याच कंपनीच्या नावाने वेगळाच मोबाइल नंबर वर दिसतोय.