स्ट्रिप्स, गोळ्या, फॉलिक्युलर, आययूआय: कित्येक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत वंध्यत्व उपचारांच्या पाट्या जागोजागी दिसतात, पण कुठल्या पायरीवर नेमकं काय कळतं हे सलग कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही दोघांनी जे वापरलं, करून घेतलं, ते लिहून काढतेय. मला पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन्सच्या गडबडीने अंडं वेळेवर तयार होत नाही, पाळी अनियमित, वय तिशीच्या पुढे. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत की डॉक्टरकडे जायचं. पस्तिशी उलटली असेल तर सहाच महिने थांबायचं.

पहिलं म्हणजे वीर्याची तपासणी, सीमेन अ‍ॅनालिसिस. ही सगळ्यात स्वस्त, न टोचणारी तपासणी आहे आणि तरी घरोघरी ती सगळ्यात शेवटी होते, याचा मला मनापासून राग येतो. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण सापडतं. आधी २ ते ७ दिवसांचा संयम लागतो आणि नमुना तासाभराच्या आत लॅबमध्ये तपासायला घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे किमान संदर्भ आकडे असे: मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, हालचाल ४२ टक्के. यांच्या शुक्रजंतूंची हालचाल कमी आली. हे बुटीबोरीच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करतात, वर तंबाखू-सुपारीचा खर्रा; उष्णता आणि तंबाखू दोन्ही शुक्रजंतूंना बाधू शकतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली. तेवढ्यात यांनी खर्रा सोडला, ड्युटीही बदलून घेतली. दुसरा रिपोर्ट बराच सुधारला. नेमका कशामुळे, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, पण खर्रा पुन्हा घरात आला नाही.

ओव्ह्युलेशन स्ट्रिप्स मी बरेच दिवस वापरल्या. या स्ट्रिप्स लघवीतलं एलएच, म्हणजे अंडं बाहेर पडायला लावणारं हार्मोन, मोजतात. ते एकदम वाढलं की साधारण २४ ते ३६ तासांत अंडं बाहेर पडतं. पाळी नियमित असलेल्या बहिणींना उपयोगी, पैसेही फार जात नाहीत. पीसीओएसमध्ये मात्र एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं. माझ्या स्ट्रिपवर कित्येक दिवस लागोपाठ गडद रेघ यायची आणि सोनोग्राफीत अंडं फुटलेलंच नसायचं. आणखी एक, अंडं जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे अंडं फुटण्याच्या आधीचे दिवसच जास्त मोलाचे.

अंडं तयार होण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. पाकिटातल्या कागदावर स्तनाच्या कॅन्सरचा उल्लेख वाचून छातीत धस्स झालं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं: ही गोळी थोडे दिवस इस्ट्रोजेन कमी करते, मग मेंदूकडून एफएसएच हे अंडं वाढवणारं हार्मोन वाढतं आणि अंडं वाढायला लागतं. भारतात वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. आज पीसीओएसला अंडं तयार व्हायला हीच पहिली पसंती. मला थकवा आणि डोकेदुखी झाली, त्यापलीकडे त्रास नाही.

माझा सगळ्यात जास्त भरवसा फॉलिक्युलर स्टडीवर, म्हणजे दर थोड्या दिवसांनी सोनोग्राफीत अंड्याची वाढ बघण्यावर, बसला. कंटाळवाणं असतं ते. सकाळपासून रांग, मग "ताई, लघवीला जाऊन या, पोट रिकामं पाहिजे," असा पुकारा. पण हातात येणाऱ्या त्या छोट्या चिठ्ठीवर सगळं असतं: दिवस, उजवी ओव्हरी, डावी ओव्हरी, आणि ईटी म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. अंड्याची पिशवी (फॉलिकल) १८ मिलिमीटरच्या पुढे गेली की अंडं फुटण्यासाठी ट्रिगरचं इंजेक्शन. आमच्या खोक्यावर '२ ते ८ अंश' छापलेलं आणि बाहेर मे महिन्यातलं नागपूर! मेडिकलवाल्या दादांनी बर्फाच्या पिशवीवर आधी कागद गुंडाळला, मग इंजेक्शन ठेवलं. ते गोठूनही चालत नाही.

गर्भनळ्या मोकळ्या आहेत का हे बघायला एचएसजी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे. दुखतं. पाळीसारख्या पण जोरदार कळा, काही मिनिटं. त्याआधी पेनकिलर देता का, हे विचाराच. एका सेंटरमध्ये माझ्या नळ्या तपासण्याआधी, यांचा दुसरा रिपोर्टही न बघता आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) पॅकेजचा कागद पुढे सरकवला, हप्त्यांसकट. आम्ही उठून आलो. कुठल्याही पायरीवर "यातून काय कळणार आणि त्यानंतर उपचार कसा बदलणार?" एवढं विचारलं की चांगले डॉक्टर उत्तर देतात. एएमएच या रक्ततपासणीचंही तसंच. त्यावरून अंड्यांच्या साठ्याचा अंदाज येतो, नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्यावरून ठरत नाही.

विदर्भातल्या प्रत्येक जोडप्याने दोघांची सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्यावी, दिवस राहायच्या आधीच. दोघंही वाहक असतील तर दर गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आमच्याकडे फक्त मी वाहक निघाले.

आययूआयला पाचेक मिनिटं लागतात, माझ्या बाबतीत एचएसजीच्या मानाने काहीच दुखलं नाही. धुऊन निवडलेले शुक्रजंतू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. दोन्ही नळ्या बंद असतील तर उपयोग नाही. एका खेपेला यश मिळण्याची शक्यता साधारण १० ते २० टक्के, हे मला आधी माहीत होतं, तरी मारबतीच्या दिवशी पाळी आली तेव्हा मी न्हाणीघरात बसून खूप रडले. सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "कायले इतक्या सुया टोचून घेऊन राहिली बाई, थोडा धीर धर." त्यांचा जीव तुटत होता, पण थांबून माझी पीसीओएस जाणार नाही, हे त्यांना नंतर शांतपणे सांगितलं. पुढच्या सोनोग्राफीला त्या स्वतः सोबत आल्या.

सध्या आमचं आणखी थोडं आययूआय करायचं ठरलंय, त्यानंतर आयव्हीएफ. मर्यादा डॉक्टरांसोबत आधीच ठरवून घेतलीये, म्हणजे दर महिन्याला तोच वाद नको. वंध्यत्व उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्याने केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, नुसतं आययूआय करणाऱ्यांनाही. पैसे भरायच्या आधी नोंदणी क्रमांक मागा, आणि संमतीपत्र घरी आणून दोघांनी वाचा.