बुरशी धरलेली कॅसेट आणि म्हापशातलं दुकान

माझे मामा बोटीवर होते, लिव्हरपूलला त्यांची ये-जा असे. तिथल्या टीव्हीवर लागलेला जुन्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या घोडेशर्यतींचा कार्यक्रम त्यांनी व्हीएचएस कॅसेटवर उतरवून आणला होता. मामा गेले, कॅसेट डिचोलीच्या घरी माळ्यावर राहिली आणि पावसाळ्यांनी तिला बुरशी धरली. आधी एका दुकानात दिली होती. त्यांनी महिनाभर ठेवून घेतली आणि न उघडताच परत केली.

म्हापसा बाजारामागच्या या दुकानदारांनी पहिल्यांदा विचारलं, "यात तुम्हाला नक्की काय हवंय?" मी म्हटलं, 1967, तेविसावा अडथळा.

त्या वर्षी लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) मैदानात 44 घोडे धावत होते. पॉपहॅम डाऊनने पहिल्याच अडथळ्यावर स्वार गमावला होता. तसाच मोकळा धावत तो तेविसाव्यापाशी आला आणि आडवा फिरला. अडथळा जेमतेम साडेचार फुटांचा, पण सगळी आघाडी तिथेच एकमेकांवर आदळली. बराच मागे असलेल्या फोइनावॉनला स्वार जॉन बकिंगहॅमने फटीतून बाहेर काढलं. पैजेचा भाव एकाला शंभर! त्याचा प्रशिक्षक तर त्या दिवशी दुसऱ्याच मैदानावर, वूस्टरला होता. सगळ्यांचा लाडका हनी एंड सावरून मागे लागला, पण पंधरा घोडालांबींनी कमी पडला. 1984 पासून त्या अडथळ्याचं नावच फोइनावॉन आहे.

दुकानदारांनी माझ्यासमोर पाचही स्क्रू काढले. रिळाच्या कडेला पिठासारखे पांढरे ठिपके होते. हातमोजे घालून हळूहळू पुसत त्यांनी फीत नव्या डबीत बसवली. तेविसाव्या अडथळ्याजवळ चित्र फाटत होतं. त्यांनी हेड पुसून तोच तुकडा तीनदा चालवला आणि तिसऱ्यांदा तो स्वच्छ आला. कृष्णधवल चित्रात घोड्यांच्या गर्दीतून एकटा निघणारा फोइनावॉन आता अगदी स्पष्ट दिसतो. मामांच्या अक्षरातलं लेबलही त्यांनी सोलून नव्या डबीवर चिकटवून दिलं. हे मी सांगितलंही नव्हतं.

बारा दिवस लागले, नऊशे रुपये झाले. आवाज मध्ये दोन ठिकाणी बसका आहे, तेवढं खटकतं. आईने पेनड्राइव्हवर पाहिलं, फोइनावॉन पलीकडे उतरला तशी म्हणाली, "दादा इथेच ओरडायचा."

कॅसेटी असतील तर पुढच्या पावसाआधी द्या. शुक्रवारी मात्र जाऊ नका, बाजाराच्या दिवशी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.