विंडसर्फिंगच्या फ्रीस्टाइलसाठी बोनेर की फुएर्तेव्हेन्तुरा?

फ्रीस्टाइल म्हणजे शिडाच्या फळीवरच्या उड्या आणि गिरक्या. त्यातल्या नव्या उड्या शिकायच्या असतील तर सरळ कॅरिबियनमधलं बोनेर बेट गाठा. तिथल्या लाक बे या उपसागरात पाणी जेमतेम कमरेएवढं आणि सपाट. बाहेरच्या लाटा प्रवाळाच्या कड्यावरच फुटतात. पडलात की पाय टेकवून उभं राहायचं, शीड उचलायचं, पुन्हा सुरू. २०१३चा फ्रीस्टाइल जगज्जेता किरी थोडे याच पाण्यात तयार झाला.

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी फुएर्तेव्हेन्तुरावरच्या सोतावेन्तो किनाऱ्याचं गणित वेगळं. बेटाच्या अरुंद भागावरून वेग घेत वारा झटक्याझटक्याने समुद्राकडे सुटतो, पाणी खडबडीत. उन्हाळ्यातला वर्ल्ड कप इथे भरत आलाय, त्यामुळे स्पर्धेत उतरायचं तर हा मार खायची सवय हवीच. अशा जोराच्या वाऱ्यासाठी लहान शीड न्याच.

लांबलचक मास्ट, म्हणजे शिडाची काठी, विमानात चढवणं मात्र दोन्हीकडे डोकेदुखी. मी तरी तिथेच भाड्याने घेईन.